पाइप बेव्हलिंग मशीन घेण्याआधी रूट फेस मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: भोसरीत छोटं फॅब्रिकेशन शॉप आहे. २ इंचापासून १२ इंचापर्यंतच्या पाइपचे स्पूल, म्हणजे शॉपमध्येच जोडून तयार केलेले पाइपचे भाग, बनतात, पण बहुतेक काम ६ इंचाच्या आतलं, शेड्यूल (भिंतीच्या जाडीचा क्रमांक) ४० आणि ८०. कार्बन स्टील जास्त, थोडं ३०४ आणि ३१६ स्टेनलेस. बेव्हल, म्हणजे वेल्डिंगसाठी पाइपच्या टोकाला द्यायचा उतार, आजवर गॅस कटिंग करून ग्राइंडरवर काढत आलो. नव्या कामात एक्स-रे लागतो आणि रूटमध्ये, म्हणजे वेल्डच्या तळाच्या पहिल्या थरात, रिपेअर फार येतायत. एकच मशीन घेण्यापुरते पैसे आहेत. आतून पकडणारं घ्यावं की बाहेरून? हवेवरचं की विजेवरचं? आणि बेव्हल काढणाऱ्या चार मुलांचं काय करायचं?

प्रश्न मशीनचा असला तरी माझी नजर अडकली ती रूटमधल्या रिपेअरवर. कुठलं मशीन घ्यायचं हे तिथूनच ठरतं, म्हणून सुरुवात तिथून करतो. मी पंचवीसेक वर्षं पाइपिंगमध्ये आहे. आधी फिटर होतो, मग साइटवर सुपरवायझर, आता चाकणजवळ स्वतःचं शॉप आहे.

आपल्याकडे बेव्हल म्हटलं की सगळे कोनावर बोलतात. एएसएमई बी१६.२५ या वेल्डिंगच्या टोकांच्या अमेरिकन मानकाप्रमाणे ३ मिमीच्या वर आणि २२ मिमीपर्यंतच्या जाडीला ३७.५ अंशांचा कोन लागतो आणि त्यात अडीच अंश इकडेतिकडे चालतात. म्हणजे ३५ ते ४० मध्ये कुठेही बसलात तरी इन्स्पेक्टर काही म्हणणार नाही. हात बसलेला मुलगा एवढा कोन एजी-फोरवर, म्हणजे हातातल्या छोट्या ग्राइंडरवर, सहज धरतो. तुमचे एल्बो आणि टी कारखान्यातून याच कोनात येतात, त्यामुळे नमुना समोरच असतो. खरी परीक्षा टोकाला उरणाऱ्या सपाट कडेची. तिला कुणी रूट फेस म्हणतं, कुणी लँड. ती १.६ मिमी हवी आणि त्यात ०.८ कमी-जास्त चालतं. म्हणजे ०.८ च्या खाली नाही आणि २.४ च्या वर नाही. ग्राइंडरचं चाक एका जागी दोन सेकंद जास्त टेकलं तरी ही कड हातातून जाते.

वेल्डर रूट मारायला बसतो तेव्हा करंट एकदाच लावतो. वरून खाली येताना लँड १ मिमीची अडीच मिमी झाली, तर तोच करंट वर पाइप जाळतो आणि खाली मुळापर्यंत पोचत नाही. एका जोडात एकीकडे बर्न-थ्रू आणि दुसरीकडे अपुरं पेनिट्रेशन अशी फिल्म आली, की लोक वेल्डर बदलतात. मी स्वतः असे दोन चांगले वेल्डर कामावरून कमी केले होते. पुढे एका जोडाची कड फिटअपच्या, म्हणजे दोन टोकं जुळवून बसवण्याच्या, आधी व्हर्नियरने आठ ठिकाणी मोजून पाहिली, तेव्हा ०.५ पासून ३ मिमीपर्यंत आकडे निघाले. त्या दोघांवर अन्याय झाला होता. तेव्हापासून माझ्या शॉपमध्ये रूटची रिपेअर आली की वेल्डरला बोलावण्याआधी बेव्हलची नोंदवही उघडली जाते.

म्हणून मशीनची चौकशी सुरू करण्याआधी एक काम करा. गुरुवारची सुट्टी गाठून, शॉप शांत असताना, तयार ठेवलेल्या दहा टोकांची लँड प्रत्येकी आठ ठिकाणी मोजा आणि कागदावर लिहा. एका टोकावरच्या आठ आकड्यांत फरक १ मिमीच्या आत असेल, तर तुमचा दोष फिटअपमध्ये किंवा वेल्डिंगमध्ये आहे आणि महागडं मशीन घेऊनही रिपेअर कमी होणार नाहीत. फरक दीड-दोन मिमी निघाला, तर मशीन घ्याच.

कोन सैल सुटल्याचा खर्चही एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. ६ इंच शेड्यूल ८० ची जाडी १०.९७ मिमी. रूट गॅप ३ आणि लँड १.६ धरली, तर ३७.५ अंशांच्या जोडात भरायचं क्षेत्रफळ सुमारे १०० चौरस मिमी येतं. ग्राइंडरवर कोन ४५ वर गेला की तेच १२१ होतं. म्हणजे प्रत्येक जोडात वीस टक्के फिलर, वीस टक्के वेळ आणि तेवढीच जास्त उष्णता. हा खर्च बिलात कुठेच दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं चालू राहतो.

आता आतून की बाहेरून. बाजारात मुख्य दोन घराणी आहेत. पहिल्यात मशीनचा दांडा, म्हणजे मँड्रेल, पाइपच्या आत जातो. त्यावरचे तीन ब्लॉक फुगून आतल्या भिंतीला घट्ट बसतात आणि समोरचं डोकं फिरत फिरत पुढे सरकून कड कापतं. दुसऱ्यात दोन अर्ध्या कड्या पाइपभोवती बाहेरून बसवून बोल्टने आवळतात आणि त्यावरचं फिरतं चाक हत्यार घेऊन पाइपभोवती फिरतं. याला स्प्लिट फ्रेम किंवा क्लॅमशेल म्हणतात. स्प्लिट फ्रेम पाइप तोडतं आणि बेव्हलही काढतं. आतून पकडणारं मशीन पाइप तोडत नाही, फक्त टोक तयार करतं. हा फरक पुष्कळ लोकांना मशीन शॉपमध्ये आल्यावर कळतो.

तुमच्या कामासाठी या दोन पद्धतींत कोन आणि वेग यांपेक्षा मोठा फरक आहे तो मशीन कशाला केंद्र मानतं याचा. सीमलेस पाइपची जाडी सगळीकडे सारखी नसते. एएसटीएम ए१०६ या कार्बन स्टील पाइपच्या मानकात जाडी १२.५ टक्क्यांपर्यंत कमी चालते. ६ इंच शेड्यूल ४० ची जाडी ७.११ मिमी. प्रत्यक्षात तोच पाइप एका बाजूला ६.३ आणि समोरच्या बाजूला ७.९ असू शकतो. बाहेरून पकडणारं मशीन बाहेरच्या गोलाईला धरून सगळीकडे सारखाच, समजा ५.५ मिमी, उंचीचा बेव्हल काढेल. मग उरलेली लँड एका बाजूला ०.८ आणि दुसऱ्या बाजूला २.४. मशीन बिनचूक, माणूस बिनचूक, तरी पाइपनेच सगळी सवलत खाऊन टाकली. आतून पकडणारं मशीन आतल्या गोलाईला केंद्र मानतं, म्हणून जाडीतला फरक वर बेव्हलच्या उंचीत जातो आणि लँड सारखी राहते. तुमच्यासारखं रूटचं दुखणं असणाऱ्याने हे समजून मगच पैसे मोजावेत.

याला एक अपवाद आहे. पाइप आतूनच लंबगोल असेल तर आतून पकडूनही लँड कमी-जास्त होते. मोठ्या मापाच्या, पातळ भिंतीच्या पाइपात हे दिसतं. त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे आतली भिंत चाचपत चालणारं, कॉपी करणारं टूल होल्डर. त्याच्या पुढच्या टोकाला छोटं चाक असतं आणि ते आतल्या कडेला टेकून हत्याराला वरखाली नेतं. दुसरा उपाय काउंटरबोअरचा, म्हणजे बेव्हल काढतानाच आतून थोडा थर घेऊन भोक गोल करायचं. एल्बो आणि पाइपचं आतलं माप जुळत नसेल, हाय-लो येत असेल, तर काउंटरबोअर सोन्यासारखं काम करतो. मात्र आधी जाडी मोजायची. पाइप आधीच कमी जाडीचा असला आणि तुम्ही आतून आणखी १ मिमी घेतला, तर डिझाइनची किमान जाडी मोडेल आणि लाइन आयबीआरची, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांखालची, असेल तर तो जोड कापावाच लागेल. काउंटरबोअर संपतो तिथे खाच पडू देऊ नका, उतार ठेवा.

ईआरडब्ल्यू, म्हणजे पत्रा वळवून शिवण वेल्ड केलेले, पाइप येत असतील तर आत शिवणीचा उंचवटा असतो. ब्लॉक नेमका त्यावर बसला की केंद्र सरकतं. मँड्रेल फिरवून शिवण दोन ब्लॉकच्या मधे आणायची. गोष्ट साधी आहे, पण नव्या मुलाला कुणी सांगत नाही आणि मग मशीनला बोल लागतो.

माझं पहिलं मशीन कसं चुकलं ते सांगतो, कारण तीच चूक आजही होताना बघतो. माहितीपत्रकावर ‘४ ते १२ इंच’ लिहिलं होतं. आमचा ४ इंचापासूनचाच माल होता, म्हणून घेतलं. उन्हाळ्यात, गाळप हंगाम संपल्यावर, दौंडकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरच्या लाइनचं काम आलं. लाइन ४ इंच, पण शेड्यूल १६०. बाहेरचं माप तेच, ११४.३ मिमी. पण शेड्यूल ४० ला आतलं माप १०२ असतं आणि शेड्यूल १६० ला जाडी १३.४९, म्हणजे आत उरतात जेमतेम ८७ मिमी. आमच्या मँड्रेलचं सगळ्यात लहान माप ९५. दांडा आत जाईना. माहितीपत्रक खोटं नव्हतं, त्यांनी इंच सांगितले होते आणि मी इंचच ऐकले होते. अकरा रात्री त्या जाड पाइपांवर ग्राइंडर चालवले, कारण हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीची, तारीख ठरलेली होती. त्यातल्या एका रात्री एका मुलाच्या हातावर चाक फुटलं. चार टाके पडले, बोट वाचलं. त्या दिवसापासून मी कुठल्याही मशीनचं माप इंचात ऐकत नाही.

तुम्हीही मिमीतच विचारा, आणि दोन मापं विचारा. आत पकडण्याचं सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं माप किती, आणि हत्यार बाहेर कुठवर पोचतं. तुमच्या कामाचा हिशोब असा निघतो: पुढेमागे लागलंच तर दीड इंच शेड्यूल ८० चं आतलं माप ३८ मिमी, २ इंच शेड्यूल ८० चं ४९, ६ इंच शेड्यूल ८० चं १४६ आणि ६ इंच शेड्यूल ४० चं १५४. बाहेर ६ इंचाला १६८.३. म्हणजे ३८ ते १५५ पकड आणि १७० च्या पुढे हत्याराची पोच. हा पट्टा एकाच मँड्रेलवर ब्लॉक बदलून मिळतो की दुसरा मँड्रेल घ्यावा लागतो, आणि ते ब्लॉक किमतीत आहेत की वेगळे, हे लेखी घ्या. ब्लॉकचे जादा संच वेगळे लावून किंमत चांगलीच वाढलेली मी पाहिली आहे.

दुसरी गोष्ट जाडीची. ही मशीन बहुतेक वेळा रुंद हत्याराने अख्खा उतार एकदम कापतात. ६ इंच शेड्यूल ८० ला ३७.५ अंशांच्या उताराची लांबी सुमारे १२ मिमी येते. म्हणजे शेवटच्या फेऱ्यांत १२ मिमी रुंदीचा कीस एकाच वेळी निघतो. शेड्यूल ४० ला तोच ७ मिमी. मोटर आणि गिअरबॉक्सवर येणारा ताण या रुंदीवर ठरतो, पाइपच्या इंचावर नाही. ‘६ इंचापर्यंत चालतं’ असं कुणी म्हटलं की लगेच विचारा: किती मिमी जाडीपर्यंत, आणि कुठल्या धातूत? स्टेनलेसला जोर जास्त लागतो. जाडीची कमाल मर्यादा तुमच्या नेहमीच्या जाडीपेक्षा निदान दीडपट असावी. रोज मर्यादेवर चालणारं मशीन आधी थरथरतं, मग बेअरिंग खातं.

थरथर, म्हणजे चॅटर, हा वेगळा धडाच आहे. कडेवर बारीक लाटा उमटल्या की समजायचं. हत्यार बोथट, पकड सैल, वेग जास्त किंवा फीड (हत्याराचं पुढे सरकणं) फार हलकी, यांतलं एक कारण असतंच. नवखा माणूस चॅटर आला की घाबरून फीड कमी करतो. स्टेनलेसमध्ये तर ते नेमकं उलटं पडतं. हत्यार घासत राहिलं की ३०४ ची वरची त्वचा कडक होते आणि पुढच्या फेरीत हत्याराचीच धार जाते. स्टेनलेसला वेग कमी आणि फीड ठाम. एचएसएस (हाय स्पीड स्टील) हत्याराने कार्बन स्टील कापताना मी कडेचा वेग मिनिटाला १५ मीटरच्या आसपास ठेवतो. त्या हिशोबाने २ इंचाला ८० फेरे आणि ६ इंचाला २८. स्टेनलेसला याच्या निम्मे. म्हणजे तुम्हाला मिनिटाला १५ पासून ८० पर्यंत फेरे देणारं आणि कमी फेऱ्यांवरही ताकद न सोडणारं मशीन हवं. एकाच वेगाचं मशीन स्वस्त मिळेल, पण तुमच्यासारख्या मिश्र कामाला ते दोन्हीकडे अर्धवट पडेल.

इथूनच हवा की वीज याचं उत्तर निघतं. हवेची मोटर हलकी असते, अडकली तरी जळत नाही, ओल्या जागेत विजेची भीती नसते. साइटवर मी हवेचंच वापरतो. पण ती हवा पिते फार. दीड-दोन हॉर्सपॉवरची हवेची मोटर ५० ते ७० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा मागते, तीही चालू असताना ६ बारवर. कॉम्प्रेसरच्या एका हॉर्सपॉवरमागे साधारण ४ सीएफएम हवा मिळते. म्हणजे १५ हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर या एका मशीनलाच लागला. छोट्या शॉपमध्ये ५ किंवा साडेसात हॉर्सपॉवरचा असतो. टाकी भरलेली असेपर्यंत मशीन झकास चालतं आणि पुढच्या एखाद्या टोकाच्या अर्ध्या बेव्हलवर दम टाकतं. विक्रेता प्रात्यक्षिक दाखवतो ते एका टोकाचं. तुमची टाकी तेवढ्यात रिकामी होत नाही, म्हणून हे त्या दिवशी दिसत नाही. शिवाय हवा दाबून वेग कमी केला की ताकदही उतरते, आणि स्टेनलेसला नेमकी कमी वेगावर ताकद लागते.

हवेवरचं घ्यायचंच ठरलं तर नळी पाऊण इंच आतल्या मापाची घ्या. अर्ध्या इंचाच्या लांब नळीत दाब वाटेतच संपतो. आणि पाणी अडवणारं फिल्टर व तेल देणारं लुब्रिकेटर मशीनजवळ लावा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कॉम्प्रेसरच्या टाकीतून पेलाभर पाणी निघतं. ते मोटरच्या पात्यांत गेलं की दोन दिवसांच्या सुट्टीनंतर मशीन फिरतच नाही. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळचं पहिलं काम टाकीचं पाणी सोडणं.

तुमचं काम शॉपमधलं आहे, म्हणून माझं मत विजेवरच्या, वेग बदलता येणाऱ्या मशीनचं.

बाहेरून पकडणाऱ्याची बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी त्याच्यावर अन्याय करेन. चालू कारखान्यात उभी लाइन कापायची आहे, पाइपला मोकळं टोकच नाही, तिथे स्प्लिट फ्रेमला पर्याय नाही. कुरकुंभसारख्या रसायनांच्या पट्ट्यात शटडाउनमध्ये गॅस कटिंगला परवानगी मिळणं अवघड असतं. तिथे ठिणगी न पाडता कापण्याची हीच रीत. तरी लाइन रिकामी आणि वायुमुक्त केल्याची खातरजमा लागतेच, थंड कटिंग आहे म्हणून ती टळत नाही. पी९१ सारख्या मिश्रधातूला गॅसची आच द्यायची नसते, तिथेही हीच रीत बरी. ८ ते १२ इंचाचं काम तुमच्याकडे अधूनमधून येतं, त्यासाठी असं मशीन भाड्याने आणा किंवा टोकं जॉबवर्कला द्या. भोसरी-चाकण पट्ट्यात मोठ्या लेथवर पाइपची टोकं काढून देणारे आहेत. वर्षातल्या वीस दिवसांसाठी ते मशीन विकत घेऊ नका.

मी तुमच्या जागी असतो तर बेव्हलिंग मशीनच्या आधी, किंवा त्याच पैशांत कसंतरी बसवून, एक बरा बँडसॉ घेतला असता. आतून पकडणाऱ्या मशीनला समोर काटकोनात कापलेलं टोक हवं. गॅसने तिरकं कापलेलं टोक दिलंत तर पहिल्या फेऱ्या एकाच बाजूला टकटक आदळतात आणि एचएसएसची धार तुटते. गॅसच्या कडेवर कडक थर आणि पापुद्रा असतो, तो हत्याराला वाळूसारखा खातो. बँडसॉ नसेल तोवर गॅसच्या टोकाला ३ मिमी जादा ठेवा, पापुद्रा ग्राइंडरने झाडा आणि पहिला काप कडक थराच्या खाली जाईल इतका खोल घ्या. चॉप सॉवर कापलेल्या टोकालाही बर, म्हणजे कापताना उरलेला खरखरीत काठ, आणि तापलेली कड असतेच.

स्टेनलेससाठी वेगळी हत्यारं, वेगळा डबा, त्यावर रंगाची खूण. कार्बन स्टील कापलेल्या हत्याराला चिकटलेले लोखंडाचे कण स्टेनलेसच्या कडेत रुततात आणि पुढे तिथेच गंज धरतो. ब्लॉकचंही तेच. स्टेनलेसच्या आत घासणारे ब्लॉक वेगळे ठेवा. बेव्हल झाल्यावर कापताना लावलेलं तेल ॲसिटोनने पुसल्याशिवाय टिग (आर्गॉन वेल्डिंग) लावू नका, नाहीतर रूटमध्ये छिद्रं येतील आणि तुम्ही पुन्हा मशीनला दोष द्याल. २ इंच शेड्यूल १० एस सारख्या पातळ पाइपला, ज्याची जाडी २.७७ मिमी, बेव्हल लागतच नाही. तिथे फक्त काटकोनात, बर नसलेली कड हवी. तुम्ही घ्याल त्या मशीनवर सपाट कड काढायचं हत्यार लागतं का, हे पाहून ठेवा.

हत्यारांचा रोजचा खर्च मशीनच्या किमतीइतकाच नीट विचारा. एचएसएसचं साधं बिट असेल तर ते आपल्याकडे धार लावून पुन्हापुन्हा वापरता येतं, भोसरीत टूल ग्राइंडिंगवाले गल्लोगल्ली आहेत. काही मशीनला फक्त त्यांच्याच आकाराची कार्बाइड टोकं लागतात. ती संपली आणि बाहेरून यायला दीड महिना लागला, तर लाखोंचं मशीन ताडपत्रीखाली. मोटरची पाती किंवा ब्रश, फीडचा स्क्रू, ब्लॉक, बेअरिंग, एवढे सुटे भाग पुण्यात तयार ठेवलेले आहेत का, ते त्यांच्या दुकानात जाऊन डोळ्यांनी पाहा. साधे बोल्ट आणि ॲलन की रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतात. त्या मशीनचा गिअर तिथे मिळणार नाही.

प्रात्यक्षिक तुमच्या शॉपमध्ये, तुमच्या पाइपवर आणि तुमच्या माणसाच्या हातून घ्या. विक्रेत्याचा माणूस वर्षभर तेच करतो, त्याच्या हातात काहीही चांगलंच चालतं. त्याने एक टोक दाखवावं, पुढची दहा तुमच्या फिटरने काढावीत. पाइप निवडताना चांगला पाइप निवडू नका. ६ इंच शेड्यूल ८० चा सगळ्यात वेडावाकडा तुकडा, शिवण असलेला एक ईआरडब्ल्यू आणि ३०४ चा एक शेड्यूल ४०, असे ठेवा. दहाही टोकांची लँड आठ ठिकाणी मोजा, तसंच जसं गुरुवारी मोजलं होतं. माझा निकष असा: एका टोकावरचा फरक अर्ध्या मिमीच्या आत. दहाव्या टोकाचा पृष्ठभाग पहिल्या टोकासारखाच गुळगुळीत हवा. कीस सलग, वळलेला निघायला हवा. भुगा पडत असेल तर हत्यार घासतंय. मँड्रेल बसवण्यापासून काढण्यापर्यंतचा पूर्ण वेळ घड्याळाने लावा, नुसता कापण्याचा नको. माझ्याकडे ६ इंच शेड्यूल ८० चं एक टोक ग्राइंडरवर अर्धा तास खायचं, मशीनवर पकडून सोडेपर्यंत सात-आठ मिनिटं लागतात.

सुरक्षेबद्दल मोजकंच, पण मनापासून. फिरणाऱ्या डोक्याजवळ हातमोजे घालून जायचं नाही. कीस लांब आणि गरम असतो, तो आकड्याने ओढायचा, मशीन थांबवून. सोडलं की बंद होणारं बटण असलेलंच मशीन घ्या आणि ते बटण कुणी तारेने बांधून ठेवणार नाही याकडे स्वतः लक्ष द्या. मी ते दोन ठिकाणी बांधलेलं पाहिलं आहे.

तर तुमच्यासाठी माझी निवड: आतून पकडणारं, विजेवरचं, वेग बदलणारं, ३८ ते १५५ मिमी पकडीचं, निदान १७ मिमी जाडी पेलणारं, साधी एचएसएस बिटं लागणारं आणि काउंटरबोअरची सोय असलेलं. कॉपी करणारं होल्डर पहिल्या दिवशी घेऊ नका. सहा महिन्यांची लँडची नोंद पाहून ठरवा. पुढे शहरातल्या गॅसवाहिनीसारखं एपीआय लाइनपाइपचं काम आलं तर तिथे कोन ३० अंशांचा असतो. त्यासाठी दुसरं बिट लागेल, मशीन तेच चालेल.

राहिली चार मुलं. मशीनला एकच माणूस लागतो हे खरं. आमच्याकडे मशीन आलं ते खंडेनवमीच्या आधल्या आठवड्यात, आणि पूजेच्या दिवशी त्या मुलांचे चेहरे उतरलेले होते. मी त्यांना त्याच दिवशी सांगून टाकलं की कुणीही कमी होणार नाही. बेव्हलचा वेळ वाचला की फिटअप मागे पडतं, तिथे हात लागतातच. दोघांना फिटअपवर घेतलं. एक आता टॅक (जोड धरून ठेवणारे छोटे वेल्ड) मारतो आणि टिगचा सराव करतो. चौथा सगळ्यांत वरचढ होता, डोळ्याच्या अंदाजाने ३७ अंश काढायचा. मला वाटलं मशीन त्यालाच द्यावं, पण त्याला धार कळायची, म्हणून हत्यारं त्याच्याकडे दिली. कुठलं बिट कधी बोथट होतं, मागचा उतार किती ठेवला तर स्टेनलेसमध्ये टिकतं, हे त्याने स्वतः वहीत उतरवून काढलं. बाहेर धार लावायला देणं आम्ही बंद केलं. तुमच्या चौघांपैकी असा कोण आहे ते मशीन यायच्या आधी ओळखून ठेवा आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्याला जवळ उभा करा. कीस कसा निघतोय हे तो तुम्हाला विक्रेत्याआधी सांगेल.